घाम गळतो, पण वाळत नाही

एप्रिलमध्ये नागपूरहून मुंबईला आलेला पाहुणा दादरला गाडीतून उतरतो, तेव्हा त्याचा मोबाइल ३३ अंश दाखवत असतो. निघताना तिकडे ४३ होते. दहा अंशांनी सुटका झाली म्हणून तो खूश होतो, पण पूल ओलांडून टॅक्सीपर्यंत पोचेस्तोवर सदरा पाठीला चिकटलेला असतो. नागपुरात घाम आलेला कळतही नाही, इथे तो हनुवटीवरून टपकतो. हे झालं नुसतं चालण्याचं. हाच पाहुणा दुसऱ्या दिवशी यजमानांबरोबर शिवाजी पार्कला पळायला गेला किंवा पणजीत मिरामारच्या वाळूत फुटबॉल खेळायला उतरला, तर गोष्ट सदऱ्यापुरती राहत नाही.

डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या किनाऱ्यावर खेळाची हौस कमी नाही. पहाटे मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्यांचे जथे दिसतात. कोकणात सुट्टी लागली की ओहोटीच्या ओल्या वाळूवर टेनिस बॉलचे सामने रंगतात, तर गोव्यात भात कापून झालं की शेतातच फुटबॉल सुरू होतो. ऑक्टोबर २०१९मध्ये पणजीत ‘आयर्नमॅन ७०.३’ पहिल्यांदा झाली, म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं, तेही ऑक्टोबर हीटमध्ये! हौसेला हरकत घेण्याचं कारण नाही. पण या हवेत शरीर थंड कसं राहतं, हे ठाऊक नसताना घेतलेली मेहनत कधीकधी जिवावर बेतते.

धावताना आपण जी ऊर्जा खर्च करतो, तिचा जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीला लागतो. उरलेल्याची उष्णता होते. ६० किलो वजनाच्या माणसाने दहा किलोमीटर धाव घेतली, तर साधारण ६०० कॅलरी खर्च होतात, त्यातल्या ४५०च्या आसपास उष्णतेच्या रूपाने अंगात साठू लागतात. एवढ्या वजनाच्या शरीराचं तापमान एका अंशाने वाढायला सुमारे ५० कॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर धाव संपताना ताप ४६ अंश सेल्सियस व्हायला हवा! तसं होत नाही, कारण घाम. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो तब्बल ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. हिशेबाने पाऊण लिटर घाम पुरेसा आहे. अट एकच, तो वाळला पाहिजे. जमिनीवर टपकलेला घाम शरीराला काहीही थंडावा देत नाही. ते नुसतं पाणी आणि मीठ वाया गेलेलं असतं.

घाम वाळणार की टपकणार, हे हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर ठरतं. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या नागपूरच्या दुपारी एक घनमीटर हवेत जेमतेम ९ ग्रॅम बाष्प असतं. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या मुंबईत ते २३ ग्रॅम होतं. घामाने ओल्या त्वचेला लागून असलेल्या हवेच्या थरात सुमारे ४० ग्रॅम बाष्प असतं. या ४० मधून बाहेरच्या हवेतलं बाष्प वजा करा. नागपुरात ३१ उरतात, मुंबईत १७. जेवढा फरक मोठा, तेवढा घाम झटपट वाळतो. मुंबईच्या हवेत ही वाळवण्याची ओढ जवळपास निम्मी आहे. याचा अर्थ नागपूरच्या दुपारी धावावं असा मुळीच नाही. तिथे ४३ अंशांची हवा आणि ऊन उलट अंगालाच तापवतात. पण किनाऱ्यावर नुसता पारा पाहून निर्धास्त होणं ही फसगत आहे.

ती किती मोठी होऊ शकते, हे २०१९च्या सप्टेंबरात कतारच्या दोहा शहरात दिसलं. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन समुद्राकाठच्या रस्त्यावर होती. ऊन टाळण्यासाठी ती मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू केली. तापमान ३२ अंशांच्या आसपास, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर. ६८ जणी धावायला उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या २८ जणींना शर्यत पूर्ण करता आली नाही. या जगातल्या निवडक धावपटू होत्या आणि आकाशात सूर्य नव्हता. त्यानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन आयोजकांनी शेकडो किलोमीटर उत्तरेला, साप्पोरोला हलवली.

या धोक्याचं मोजमाप करण्याची पद्धतही एका दमट किनाऱ्यावरच घडली. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात समुद्रालगत पॅरिस आयलंड इथे मरीन सैनिकांचं प्रशिक्षण चालतं. तिथे उन्हाळ्यात भरती झालेली तरुण मुलं कोसळू लागली, तेव्हा १९५०च्या दशकात ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ हा निर्देशांक वापरात आला. त्यात साध्या तापमापकाला फक्त एक दशांश वजन आहे, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला दोन दशांश, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला सात दशांश. ओलं फडकं म्हणजे घामाने भिजलेली त्वचाच समजा. फुटबॉलमध्ये हा निर्देशांक ३२च्या वर गेला की खेळाडूंना थंड होण्यासाठी सामना थांबवण्याची पद्धत आहे. २०१४च्या विश्वचषकात ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या फोर्तालेझात नेदरलँड्स आणि मेक्सिको यांचा सामना असाच थांबवला होता. आपल्याकडचा हवामान विभागही किनारा वेगळा मानतो. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला किमान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ पुरतात.

मग खेळायचं कधी? पहाटे, हे उत्तर बरोबर आहे, पण त्याचं कारण बहुतेकांना चुकीचं वाटत असतं. पहाटे हवा कोरडी नसते. २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर घनमीटरमागे बाष्प २२ ग्रॅम, म्हणजे दुपारइतकंच. समुद्राकाठी बाष्पाचं प्रमाण दिवसभर फारसं हलत नाही. पहाटेचा फायदा एवढाच, की ऊन नसतं आणि हवा त्वचेपेक्षा बरीच थंड असते. तोटाही आहे. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात, पुष्कळदा हवा पडलेलीच असते. दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे जोरात वाहतात आणि त्वचेजवळचा दमट थर सतत उडवून लावतात. त्यामुळे ज्यांना पहाट जमत नाही, त्यांनी संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाण्याकडेच्या मोकळ्या जागी खेळणं अजिबात वाईट नाही. इमारतींच्या मधल्या बंदिस्त मैदानात मात्र हा वारा पोचत नाही, आणि तिथेच शाळांच्या उन्हाळी शिबिरातली मुलं सकाळी दहा-अकरापर्यंत धावत असतात. पालकांनी फी किती हे विचारताना वेळ कोणती हेही विचारायला हवं.

घाटावरून खाली उतरणाऱ्यांचा धोका जास्त. पुण्या-नाशिकच्या कोरड्या गार हवेत महिनोन्‌महिने सराव केलेला धावपटू स्पर्धेच्या आदल्या दिवशी गोव्यात पोचतो. त्याचं हृदय तयार असतं, पायही तयार असतात, पण घामाची यंत्रणा तयार नसते. दमट उष्म्यात रोज तास-दीड तास बेताचा व्यायाम केला, तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला द्रव भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. एवढे दिवस हाताशी नसतील, तर वेग कमी करणं हाच उपाय. आदल्या रात्रीचा गोव्याचा पाहुणचारही आवरता घ्यावा, हे वेगळं सांगायला नको. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी दमट महिन्यांत नवा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

पोहणाऱ्यांची स्थिती चांगली, कारण पाणी हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने उष्णता ओढून घेतं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धा डिसेंबरात होतात, तो काळ उत्तम. पण मे महिन्यात आपल्याकडचं समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास जातं. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींना ३१ अंशांची कमाल मर्यादा आहे.

पाणी प्यावं, पण जबरदस्तीने नाही. बोस्टन मॅरेथॉनच्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम धोकादायक नसलं तरी नको तितकं खाली आलं होतं, काहींचं तर फारच. वाटेत पाणी पिऊन वजन वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त होतं. तहान लागेल तसं पिणं, आणि तासाभरापेक्षा जास्त खेळ असेल तर मीठ घातलेलं काहीतरी घेणं पुरतं. कोकणात त्यासाठी रंगीत बाटली लागत नाही. खेळून आल्यावर मीठ घातलेली गरम पेज किंवा मीठ-साखर घातलेलं कोकमाचं सरबत हे काम चोख करतं.

एवढं करूनही कुणी कोसळलं तर? उन्हाने आलेली साधी भोवळ सावलीत, पाय वर करून आडवं झाल्यावर ओसरते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, भांडू लागला, कुठे आहे ते सांगता येईना, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं धरून चालू नये. खेळताना येणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळतच असतो. अशा वेळी गाडी शोधत धावपळ करण्याची आपली सवय घातक ठरते. रुग्णवाहिकेला फोन करावा, पण आधी त्याला जागच्या जागी थंड करावं आणि मग हलवावं. मॅसॅच्युसेट्समध्ये फॅलमथ या किनाऱ्यावरच्या गावात दर ऑगस्टला सुमारे सव्वाअकरा किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत २७४ जणांना उष्माघात झाला, शेवटच्या रेषेजवळच त्यांना बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं, आणि सगळेच्या सगळे वाचले.

टब नसला तरी चालतो. ताडपत्रीवर माणसाला निजवायचं, चौघांनी कडा उचलून धरायच्या, एकाने त्याचं डोकं पाण्याच्या वर सांभाळायचं, आणि आत पाणी व बर्फ ओतून ते हलवत राहायचं. गावातल्या सामन्यासाठी मंडप, ध्वनिक्षेपक आणि चषक यांची सोय होते, तशी एक ताडपत्री सहज होईल. बर्फ तर किनाऱ्यावरच्या कोणत्याही मासळीच्या जेटीवर पहाटेपासून मिळतो.