मांजरांची भांडणे आणि ओकाऱ्या

मांजर ओकले की घरातील मंडळी फडके आणतात, जमीन पुसतात आणि विषय संपवितात. दोन मांजरे भांडली की त्यांच्यावर तांब्याभर पाणी फेकले जाते. त्याने फेकणाऱ्याचे समाधान होते, मांजरांचे होत नाही. मांजराची जातच ओकणारी आणि भांडणारी, असा समज यामागे असतो. या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच ताटलीतून उगवतात, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर. ते एकटे शिकार करते आणि उंदराएवढी लहान भक्ष्ये दिवसातून अनेक वेळा एकट्यानेच खाते. पंगतीला बसण्याची सवय या जातीला मुळात नाही. गोव्याकडील घरांतून मात्र मासळी साफ झाली की बांगड्यांची डोकी मागील दारी एकाच जागी टाकली जातात आणि तीन-चार मांजरे त्यांवर तुटून पडतात. दांडगे असेल ते पोटभर खाते. भित्रे असेल ते न चावता गिळते आणि थोड्याच वेळात अन्न जसेच्या तसे बाहेर टाकते. अशा घरी औषधापेक्षा वेगळ्या वाट्या, त्याही एकमेकींच्या दृष्टीआड ठेवलेल्या, अधिक गुणकारी ठरतात. खाणे थोडे थोडे, दिवसातून चार वेळा द्यावे. दूधभाताचा लाड आवरावा. बहुतेक प्रौढ मांजरांना दूध नीट पचत नाही. मलमूत्रासाठी ठेवावयाची वाळूची घमेलीही मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असावीत.

काही भांडणांचा उगम घराबाहेर असतो. खिडकीतून परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, आणि तो राग शेजारी बसलेल्या सोबत्यावर निघतो. पशुवैद्याकडून परतलेल्या मांजराच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो, म्हणूनही घरची मांजरे त्याच्यावर फिस्कारतात. अशा वेळी दोघांना काही दिवस निरनिराळ्या खोल्यांत ठेवावे, अंथरुणाची फडकी अदलाबदल करावी आणि बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवू घालावे. बोक्यांचे निर्बीजीकरण पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास केल्यास पुढील पुष्कळ मारामाऱ्या टळतात. चालू भांडणात हात मात्र घालू नये. मध्ये पुठ्ठा धरावा किंवा जाड टॉवेल टाकावा. मांजराच्या दाताचे भोक लहान असते, ते वरून लवकर मिटते आणि आत पू होऊन काही दिवसांत गळू उठते. माणसाला चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लशीविषयी विचारावे.

अंग चाटताना पोटात गेलेल्या केसांचा गोळा एखादे वेळी पडला, तर चिंतेचे कारण नाही. आठवड्या-आठवड्याला होणारी ओकारी मात्र केसांच्या नावावर खपवू नये. म्हातारे मांजर ओकत असेल, वाळत असेल आणि पाणी फार पीत असेल, तर मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. लस न टोचलेले पिल्लू ओकू लागून खाणे सोडील, तर त्याच दिवशी उपचार हवा. तोंडातून दोरा लोंबत असल्यास तो ओढू नये. आतडे कापले जाण्याची भीती असते. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला साक्षात विष होय.

सर्वांत फसवे दुखणे बोक्याचे. तो पुन्हा पुन्हा घमेल्यात जाऊन बसतो, कुंथतो, मधून ओकतो, आणि घरच्यांना वाटते की बद्धकोष्ठ झाला. वस्तुतः त्याची मूत्रनलिका तुंबलेली असू शकते. वाळू कोरडीच आहे की काय, हे प्रथम पाहावे. लघवी अडली, की विषारी द्रव्ये रक्तात साचतात आणि एक-दोन दिवसांत बोका दगावतो. अशा वेळी पोट दाबून पाहू नये, एरंडेल पाजू नये आणि सकाळची वाट पाहू नये. मध्यरात्र असली तरी पशुवैद्याला उठवावे.