डबलसीट बसलेलं वाक्य

दोस्ता, हे इंग्रजी वाक्य मोठ्यानं म्हण बरं. 'वॉकिंग टू स्कूल, आय सॉ अ फ्लेमिंगो.'

शाळेत जाताना मला रोहित पक्षी दिसला! हिवाळ्यात उजनीच्या पाण्यात, भिगवणकडे उतरतात ना? तोच गुलाबी पंखांचा, लांब पायांचा पाहुणा.

आता पहिला तुकडा एकटाच वाच. 'वॉकिंग टू स्कूल.' कोण चाललंय? सांगितलंच नाही! काल की आज? तेही नाही! मग आपल्याला कळलं कसं?

अरे, हा तुकडा सायकलवर डबलसीट बसलाय! पेडल मारतंय पुढचं वाक्य. कर्ता त्याचा, काळही त्याचाच. तिथे 'आय' आहे, म्हणून चालणारा मीच. तिथे 'सॉ' आहे, म्हणून चालणंही तेव्हाचंच.

आणि अर्थ? तो तर रंग बदलतो! 'फीलिंग हंग्री, आय एट टू भाकरीज.' भूक लागली म्हणून खाल्ल्या. तोच 'इंग', पण मघाशी वेळ सांगत होता, आता कारण सांगतोय!

अजून एक. 'वॉटर्ड वेल, शुगरकेन ग्रोज टॉल.' नीट पाणी दिलं, तर ऊस उंच वाढतो. यात 'इफ' शोध पाहू. नाहीच! तरी 'तर' आलाच की नाही? आणि पाणी उसानं दिलं नाही हं, उसाला मिळालं. म्हणून इथे 'वॉटरिंग' नाही, 'वॉटर्ड' आहे.

ओळख बरं, मराठीत ही जादू कोण करतं? आपला इवलासा 'ऊन'! 'हात धुऊन जेव': आधी हे, मग ते. 'पाय घसरून पडला': कारण. 'हसून म्हणाली': कशी म्हणाली ते. पुस्तकात अशा शब्दांना धातुसाधितं म्हणतात. अशी व्याकरणाची पुस्तकं जुनीच: दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली छापलं गेलं. पण तुला हा 'ऊन' शाळेत जायच्या आधीच येत होता. कुणीही न शिकवता!

आता जरा जपून. 'वॉकिंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड.' पेडल कोण मारतंय? पाऊस! म्हणजे पाऊसच दप्तर घेऊन शाळेला निघाला! मराठीत 'शाळेत जाताना पाऊस आला' अगदी चालतं, कारण 'ताना'चा कर्ता वेगळा असू शकतो. मग इंग्रजीत काय करायचं? 'व्हाइल आय वॉज वॉकिंग' म्हणायचं, आणि त्या तुकड्याला त्याची स्वतःची सायकल द्यायची!