खर्जातला विनोद

भारदस्त खर्जाने हसू यावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु अठराव्या शतकातील इटालियन गंभीर ऑपेरात नायकाची गाणी बहुधा बालपणीच खच्ची केलेल्या गायकांच्या उंच स्वरात असत. खर्जाकडे पुष्कळदा उरत ते म्हातारे नि नोकर. १७३३ साली नेपल्समध्ये पेर्गोलेझीने गंभीर ऑपेराच्या अंकांमधील विरामासाठी ‘ला सेर्वा पाद्रोना’ रचले. त्यात खर्जात गाणारा धनी उबेर्तो मोलकरणीकडून फसतो व तिच्याशीच लग्नाला तयार होतो. जड आवाज घाईने शब्दांमागे धावू लागला, की त्याचा रुबाब गळून पडतो. हसू येते ते त्याचेच. पुढे १७८६ मध्ये व्हिएन्नात मोत्सार्टचा नोकर फिगारो खर्जातच गायला आणि हसे झाले ते उमराव धन्याचे. खालचा सूर म्हणजे हलका माणूस, हे समीकरण तेथे ढिले झाले.