गंजी रचणारे हात

सन २००० च्या उन्हाळ्यात रशियातल्या उग्रा नदीकाठी माळावर गवताचा एक बुरूज उभा राहिला. तळाशी रुंद, वर निमुळता आणि अंगाभोवती वळसे घेत शेंड्यापर्यंत जाणारी चढण. माणसं त्यावरून चालत वर जात. रचणाऱ्यांचा कलेच्या जगाशी दुरूनही संबंध नव्हता. पण गवत कितपत वाळू द्यायचं, थर कसा दाबायचा, भार कुठे द्यायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे ते गवत गुरांच्या पोटात गेलं.

हा खटाटोप निकोलाय पोलिस्की यांचा. जन्म १९५७ चा, मॉस्कोचा. शिक्षण लेनिनग्राडच्या मुखिना कलाशाळेत. ‘मित्की’ नावाच्या अवलिया चित्रकारांच्या कंपूत ते वावरत आणि निसर्गचित्रं काढत. १९८९ मध्ये काही वास्तुरचनाकार मित्रांच्या संगतीने ते मॉस्कोपासून सुमारे २०० किलोमीटरवरच्या, कलुगा प्रांतातल्या निकोला-लेनिवेत्सला आले. गाव जवळजवळ ओस पडलेलं. पुढे शेजारच्या झ्विझ्झीतली सामूहिक शेती सोव्हिएत राजवटीबरोबरच मोडीत निघाली. लोकांच्या हाताला काम नव्हतं, दारू मात्र होती. पोलिस्कींनी त्यांना मजुरी देऊन आधी बर्फाचे बाहुले करवून घेतले. दोनशेहून अधिक बाहुल्यांची ती फौज नदीच्या उतारावर उभी राहिली. याच उग्राच्या दोन काठांवर १४८० मध्ये तिसरा इव्हान आणि अहमद खान यांची सैन्यं एकमेकांसमोर ठाकली होती आणि मोठी लढाई न होताच खान माघारी फिरला होता. २००६ पासून इथे भरणाऱ्या ‘आर्खस्तोयानिये’ महोत्सवाच्या नावातही तोच प्रसंग आहे.

बाहुल्यांनंतर गवत आणि गवतानंतर २००१ मध्ये सरपण. चिरलेल्या लाकडांची चळत रशियन खेड्यात घरोघरी असते. इथे तिचाच मनोरा झाला. मग वेलींचा, एल्मच्या लाकडाचा, बर्चच्या फांद्यांचा. २०१३ चा ‘बोबूर’ जवळून पाहावा. धातूच्या सांगाड्यावर बर्चच्या फांद्या विणत नेल्या आहेत आणि त्यातून कर्ण्यासारखी प्रचंड तोंडं बाहेर आली आहेत. टोपली विणावी तशी ही इमारत विणली आहे. नाव पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या बोलीतल्या नावावरून घेतलेलं.

परंपरेवर बेतलेली म्हणून जी रशियन कला परदेशात फिरवली जाते, तिच्यात भरतकाम, कांद्याच्या आकाराचे घुमट, रंगीत लाकडी बाहुल्या यांची रेलचेल असते. मला ती दुकानाच्या काचेसारखी वाटते. पोलिस्कींनी परंपरेची नक्षी उचलली नाही, तिची कारागिरी कामाला लावली. त्यामुळे विषय कोणताही चालतो. २००९ मध्ये लक्झेंबर्गच्या ‘मुदाम’ संग्रहालयात त्यांनी लाकडाचा ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ मांडला! अणुविज्ञानातलं यंत्र आणि सुतारकी यांची ही सोयरीक अजब खरी, पण पटते.

निकोला-लेनिवेत्सला इतरांचीही कामं आहेत. अलेक्सांद्र ब्रोद्स्की यांचा २००९ चा ‘रोटुंडा’ माळावर एकटा उभा आहे, गोल आणि पांढरा, भिंतीत नुसते जुने दरवाजे. आत शेकोटीची जागा. कुठल्या घरांचे ते दरवाजे, हा प्रश्न मनात येतोच.

वाद झाला तो २०१८ मध्ये. हिवाळ्याला निरोप देणाऱ्या मास्लेनित्सा सणात गवताची बाहुली जाळतात. आपल्या होळीचीच चुलतबहीण म्हणा. त्या वर्षी पोलिस्कींनी फांद्यांची ‘ज्वालामय गॉथिक’ इमारत रचून पेटवली. अनेकांना ती चर्चची होळी वाटली आणि समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. दुखावलेल्यांची त्यांनी माफी मागितली. मला विचाराल तर धर्मापेक्षा भपका खटकतो. गवताच्या बुरुजाने निदान जनावरं तरी पोसली होती.

म्हणूनच मला २०१५ चं ‘सेल्पो’ अधिक महत्त्वाचं वाटतं. झ्विझ्झीत सोव्हिएत काळातलं सहकारी दुकान भग्नावस्थेत पडलं होतं. पोलिस्कींनी त्याच अवशेषांवर शिल्प उभारलं, ज्यांच्या हातांनी माळावरचे मनोरे रचले त्यांच्याच गावात. महोत्सवाला तिकीट काढून येणाऱ्या मॉस्कोकरांना ते पाहायला आता झ्विझ्झीत जावं लागतं.