थंडीचा आकडा आणि बंद खोलीतली शेगडी

नाताळच्या सुट्टीला लागून शनिवार-रविवार आला की मुळशीच्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. धरणाकाठचे तंबू, फार्महाऊस, ताम्हिणीकडच्या राहण्याच्या जागा भरून जातात. गावोगावचे नोकरदार मुलाबाळांसह घरी येतात. निघण्यापूर्वी जो तो एकच चौकशी करतो, 'थंडी किती आहे?' आणि 'पुणे, किमान १० अंश' एवढे वाचून स्वेटर घ्यायचा की नाही ते ठरते. हा आकडा कसा वाचावा आणि आपल्या खोऱ्यातली रात्र कशी काढावी, हा आजचा विषय आहे.

आकडा कुठला, कधीचा?

पुण्याचा म्हणून जो आकडा सांगतात तो बहुधा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा असतो. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आले होते. पुढे ते दिल्लीला गेले, पण पुणेकर त्या इमारतीला अजून 'शिमला ऑफिस'च म्हणतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी तापमान १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. तशी थंडी दरवर्षी पडत नाही. परंतु उत्तरेचा कोरडा वारा सुटला आणि आकाश निरभ्र राहिले की पारा दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरतो. उलट ढग आले किंवा दमट वारे वाहू लागले की थंडी पळते. किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली गेले, तर हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. म्हणून सुट्टीचा अंदाज आठ दिवस आधी एकदा पाहून भागत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तो पुन्हा पाहावा.

दुसरे असे की, किमान तापमान हे पहाटेचे, सूर्योदयाच्या सुमाराचे असते. रात्री नऊला हवा सुखद वाटते, मंडळी पातळ कपड्यांत गप्पा मारीत बसतात आणि पहाटे चारला कुडकुडतात. शिवाय खोऱ्याचा हिशोब शहरापेक्षा निराळा आहे. स्वच्छ रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड असल्याने डोंगरउतारावरून खाली येते आणि खोलगट भागात साठते. त्यामुळे पौड, कोळवण, मुठा खोऱ्यात सखल जागी पहाटे चांगलाच गारठा असतो आणि त्याच वेळी टेकडीवर ऊब असते. आपल्याच तालुक्यातील लवळ्याच्या टेकडीवरचा किमान आकडा पुष्कळदा शिवाजीनगरपेक्षा काही अंशांनी जास्त असतो, त्याचे कारण हेच. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून चार फुटांच्या आसपास असतो. तंबूत झोपणारा माणूस जमिनीवर असतो, आणि तिथे गारवा अधिक. त्यात दव पडून कपडे, अंथरूण ओलसर झाले की शरीराची उष्णता आणखी लवकर जाते.

धूर नाही म्हणजे धोका नाही?

तरीही आपल्याकडची थंडी धडधाकट माणसाचा जीव सहसा घेत नाही. जीव घेते ती थंडी घालवण्याची चुकीची रीत. बाहेरची शेकोटी विझत आली की त्यातले निखारे घमेल्यात भरून खोलीत आणायचे, दारे-खिडक्या घट्ट लावायच्या आणि झोपायचे. काही जण कोळशाची शेगडी चक्क तंबूत नेतात. निखाऱ्यांना धूर नाही, मग भीती कसली, असा समज असतो. तो समजच घातक आहे.

कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. मग श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळहून गेलेले आठ पर्यटक एका खोलीत रात्री हीटर लावून झोपले, ते सकाळी उठले नाहीत. त्यांत लहान मुलेही होती. बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझरही याच प्रकारे घात करतो.

लक्षणे साधीच असतात : डोके जड होणे, चक्कर, मळमळ, ग्लानी. पार्टीनंतरची सकाळ असेल तर 'रात्रीची उतरली नाही' किंवा 'जेवण बाधले' असे म्हणून सोडून दिले जाते. पण एका खोलीतल्या सर्वांचेच डोके एकाच वेळी दुखू लागले, आणि बाहेर आल्यावर बरे वाटू लागले, तर प्रथम या वायूचाच संशय घ्यावा. कोरोनापासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत ते फसवते. वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे ९८ दिसले तरी माणूस सुरक्षित असेलच असे नाही.

अशा वेळी दारे-खिडक्या उघडून सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे. बाहेर काढताना स्वतः आत रेंगाळू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बरे वाटले तरी रुग्णालयात दाखवावे. प्राणवायू देणे हाच यावरचा मुख्य उपचार आहे. खिडकी किलकिली ठेवली म्हणून शेगडी निर्धोक होत नाही. झोपण्याच्या जागी निखारे नकोत, हा एकच नियम पाळावा.

इतरांनी काय जपावे?

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या व हृदयाच्या रुग्णांनी पहाटेचा गडकोट टाळावा, ऊन पडल्यावर निघावे आणि सुट्टीतही गोळ्या चुकवू नयेत. छातीत दुखले, दम लागला तर 'गॅस' म्हणून थांबू नये. दमेकऱ्यांनी इनहेलर खिशात ठेवावा आणि शेकोटीच्या धुरापासून दूर बसावे. शेकोटीत प्लॅस्टिक, टायर कोणीच टाकू नये.

जुना मधुमेह असेल तर पावलांची संवेदना कमी झालेली असते. असे रुग्ण शेकोटीला पाय लावून बसतात, चटका समजत नाही आणि सकाळी फोड दिसतो. त्यांनी सुती मोजे घालावेत आणि अंतर राखावे. तान्ह्या बाळाला कानटोपी घालावी, पण तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये. वयस्कर माणूस थंडीने बरळू लागला, सुस्त झाला, तर ते म्हातारपण समजू नये. त्याला उबदार जागी नेऊन डॉक्टरांना दाखवावे.

दारूने ऊब येते हाही भ्रम आहे. तिने कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटते खरे, पण शरीरातली उष्णता बाहेर पडते. शिवाय झिंगलेल्या माणसाला ना थंडी कळते, ना गुदमरणे.

पाहुणे ठेवणाऱ्या आपल्या तालुक्यातील बंधुभगिनींना एक विनंती. पाहुण्याने रात्री शेगडी मागितली तर नम्रपणे नाही म्हणावे आणि दोन गोधड्या जास्त द्याव्यात. जमिनीवर जाड सतरंजी, अंगावर थरांचे कपडे, डोक्याला टोपी, पायांत कोरडे मोजे आणि झोपण्यापूर्वी गरम जेवण, एवढ्यावर आपल्याकडची कडाक्याची रात्रही सुखरूप निघते.