कावळ्याची नजर चुकवणारं लपण

इंग्लंडमधल्या एका मेंढपाळाकडे हे पाहिलं. नवजात कोकरांचे डोळे कावळे टोचतात, म्हणून तिथे परवान्याच्या अटी पाळून कावळ्यांना मारता येतं.

त्यासाठी बसायचं लपण झुडपांच्या कुंपणाला टेकून, जाळीचं. चेहरा आणि हातही झाकायचे. कावळा उघडा चेहरा लांबूनच हेरतो, फार हुशार पक्षी!

भुलवायला ठेवायचे बनावट कावळे चकाकणारे नकोत. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. म्हणून वारा आपल्या पाठीवर, आणि बनावट कावळे समोर, तोंडं लपणाकडे. जवळ बनावट घुबड ठेवलं, तर कावळे चिडून त्याच्यावरच चाल करतात.

बांधलेला किंवा जखमी जिवंत पक्षी आमिष म्हणून ठेवायला मात्र 1981च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. योग्यच आहे ते.