भारतीय नौदलातील उठाव (१९४६)

भारतीय नौदलातील उठाव ही तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीतील भारतीय नाविकांनी १८ ते २३ फेब्रुवारी १९४६ या काळात ब्रिटिश अधिकाराविरुद्ध केलेली सामूहिक कृती होय. मुंबईतील ‘तलवार’ या नौदल तळावर निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांच्या निषेधार्थ तिला प्रारंभ झाला. काही दिवसांतच ती कराची, कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणम इत्यादी बंदरांत पसरली. ७८ जहाजे, २० किनारी तळ आणि सुमारे २०,००० नाविक तिच्यात सहभागी झाले, असे सामान्यतः मानले जाते. नाविकांच्या समर्थनार्थ मुंबईत झालेल्या हरताळात दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. ही घटना नाविकांचे बंड, नाविकांचा संप आणि नौदलाचा उठाव अशा तीन नावांनी ओळखली जाते.

पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारापासून चालत आलेल्या दलाला १८९२ मध्ये रॉयल इंडियन मरीन आणि १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही असे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी या दलातील नाविकांची संख्या दोन हजारांच्या आत होती. युद्ध संपेपर्यंत ती पंचवीस हजारांच्या वर गेली. नव्याने भरती झालेल्यांत सर्व प्रांतांतील व सर्व धर्मांचे तरुण होते. विशेषतः संदेशवहन शाखेतील नाविक शिकलेले, वृत्तपत्रे वाचणारे आणि देशातील घडामोडींची जाण असलेले होते.

भरतीच्या वेळी दिलेली आश्वासने आणि प्रत्यक्ष नोकरी यांत मोठी तफावत होती. एकाच कामासाठी गोऱ्या नाविकाला मिळणारे वेतन, अन्न व निवास भारतीय नाविकाच्या वाट्याला येत नसे. युद्ध संपताच सैन्यकपात सुरू झाली आणि हजारो तरुणांपुढे बेकारीचे संकट उभे राहिले. याच सुमारास, नोव्हेंबर १९४५ पासून, दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालू झाले. त्यामुळे उसळलेल्या लोकक्षोभाचा परिणाम लष्करी छावण्यांवरही झाला.

‘तलवार’वरील घटना

‘तलवार’ हे समुद्रावरील जहाज नव्हते. कुलाब्यातील नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्राचे ते नाव होते. किनाऱ्यावरील तळांनाही जहाजांप्रमाणे नावे देण्याची नौदलाची प्रथा आहे.

१ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनानिमित्त नागरिकांसाठी हा तळ खुला होणार होता. त्या दिवशी सकाळी तेथील भिंतींवर ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या घोषणा लिहिलेल्या आढळल्या. फेब्रुवारी १९४६ च्या आरंभी सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या भेटीच्या वेळी पुन्हा ‘छोडो भारत’ व ‘जय हिंद’ या अर्थाच्या घोषणा दिसल्या. या प्रकरणी बलाईचंद्र दत्त या तारायंत्र विभागातील नाविकास अटक झाली.

तळाचे प्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना उद्देशून अपशब्द वापरल्याची तक्रार करण्यात आली. परंतु तिची वेळीच दखल घेतली गेली नाही. १८ फेब्रुवारी रोजी सकाळी नाविकांनी खाण्यास अयोग्य अन्न नाकारले आणि काम करण्यासही नकार दिला. या कृतीत सुमारे १,१०० नाविक सहभागी झाले होते.

संपाचा विस्तार

संदेशवहन केंद्रातच संप झाल्यामुळे त्याची वार्ता बिनतारी यंत्रणेद्वारे जहाजांवर व अन्य बंदरांत तत्काळ पोहोचली. १९ फेब्रुवारी रोजी मुंबईतील जहाजे व कॅसल बराकींतील नाविक संपात उतरले. नाविकांनी मध्यवर्ती संप समिती निवडली. एम. एस. खान हे तिचे अध्यक्ष आणि मदनसिंग हे उपाध्यक्ष होते. जहाजांच्या डोलकाठ्यांवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा ध्वज आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा असे तिन्ही ध्वज एकत्र फडकले.

समितीच्या मागण्यांत चांगले अन्न, गोऱ्या व भारतीय नाविकांना समान वेतन, संबंधित अधिकाऱ्यावर कारवाई आणि सैन्यातून मुक्त होणाऱ्यांचे पुनर्वसन यांचा समावेश होता. त्यांच्या जोडीला आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची व अन्य राजकीय कैद्यांची सुटका, तसेच इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावणे याही मागण्या होत्या. अन्नाच्या तक्रारीपासून निघालेला संप अशा रीतीने राजकीय प्रश्नांपर्यंत पोहोचला.

२० फेब्रुवारी रोजी बराकींना सैन्याने वेढा घातला. दुसऱ्या दिवशी कॅसल बराकींतील नाविकांनी बाहेर पडण्याचा प्रयत्न करताच गोळीबार सुरू झाला व तो काही तास चालला. जहाजांवरील नाविकांना अन्न मिळू नये अशी व्यवस्था सरकारने केली असता गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात नागरिक खाद्यपदार्थ घेऊन आले. अनेक दुकानदारांनी मोबदला न घेता माल दिला. त्याच दिवशी नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून, प्रसंगी नौदल नष्ट झाले तरी बंड मोडून काढण्यात येईल, असा इशारा दिला. कराचीत ‘हिंदुस्तान’ या जहाजावरील नाविक व ब्रिटिश सैन्य यांच्यात तोफांची चकमक झाली. तीत काही नाविक ठार झाले व जहाजाला शरण यावे लागले.

मुंबईतील हरताळ

कम्युनिस्ट पक्षाने २२ फेब्रुवारी रोजी हरताळाची हाक दिली. अरुणा असफ अली व अच्युत पटवर्धन या समाजवादी नेत्यांनी तिला पाठिंबा दिला. काँग्रेस व मुस्लिम लीग यांच्या नेतृत्वाने मात्र विरोध केला. तरीही सुमारे तीन लाख कामगार बाहेर पडले आणि शहरातील बहुतेक गिरण्या बंद पडल्या. गिरणगावात रस्तोरस्ती अडथळे उभारण्यात आले. सैन्य व पोलीस यांच्या गोळीबारात दोन दिवसांत दोनशेहून अधिक नागरिक ठार व हजाराच्या वर जखमी झाले. परळ भागात झालेल्या गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे मृत्युमुखी पडल्या. मृतांत नाविकांपेक्षा सामान्य नागरिकांची संख्या कितीतरी अधिक होती.

शरणागती व चौकशी

वल्लभभाई पटेल यांनी नाविकांना शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला आणि सूडबुद्धीने कारवाई होऊ नये यासाठी प्रयत्न करण्याचे आश्वासन दिले. सत्तांतर जवळ आले असताना सैन्यातील शिस्त मोडू देणे स्वतंत्र भारतालाही घातक ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. महंमद अली जिना यांनीही संप मागे घेण्याचे आवाहन केले. २३ फेब्रुवारी रोजी सकाळी जहाजांवर शरणागतीदर्शक काळे ध्वज चढले. आपण ब्रिटिशांपुढे नव्हे, तर भारतापुढे शरण जात आहोत, अशी समितीची भूमिका होती.

त्यानंतर मोठ्या प्रमाणावर अटका झाल्या आणि ४७६ नाविकांना सेवेतून काढून टाकण्यात आले. न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांच्या आयोगाने घटनेची चौकशी केली. सेवेतील गैरसोयी, वांशिक भेदभाव व अधिकाऱ्यांची वागणूक यांमुळे असंतोष साचला होता आणि राजकीय वातावरणाने त्यात भर घातली, असे आयोगाला आढळले.

महत्त्व

या घटनेमुळे ब्रिटनने भारत सोडण्याचा निर्णय घेतला, असे विधान अनेकदा केले जाते. तथापि भारतात मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ पाठवण्याची घोषणा पंतप्रधान ॲटली यांनी १९ फेब्रुवारी रोजीच, म्हणजे उठावाच्या दुसऱ्या दिवशी केली होती. त्यामुळे त्या निर्णयाचे श्रेय केवळ उठावाला देता येत नाही. भारतीय सैनिकांच्या निष्ठेवर यापुढे पूर्वीइतके विसंबता येणार नाही, ही जाणीव मात्र या घटनेने राज्यकर्त्यांना करून दिली. याच महिन्याच्या अखेरीस जबलपूर येथे लष्कराच्या संदेशवहन पथकातही असाच असंतोष उफाळून आला.

ऑगस्ट १९४७ मध्ये नौदलाची भारत व पाकिस्तान यांच्यात विभागणी झाली. २६ जानेवारी १९५० पासून ‘रॉयल’ हा शब्द वगळण्यात आला. भारतीय अधिकारी नौदलाच्या प्रमुखपदी येण्यास मात्र १९५८ साल उजाडले. रामदास कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख होत.

नावाविषयीचा वाद

सरकारी कागदपत्रांत या घटनेला बंड म्हटले गेले. नाविकांनी स्वतः संप हा शब्द वापरला व आपल्या समितीलाही तेच नाव दिले. स्वातंत्र्योत्तर लेखनात उठाव हा शब्द रूढ झाला. हा भेद केवळ शाब्दिक नाही. लष्करी कायद्यानुसार बंड हा अत्यंत गंभीर अपराध असून संप करण्याचा हक्क सैनिकाला नसतो. त्यामुळे सहभागी नाविकांना शिस्तभंग करणारे मानावे की स्वातंत्र्यसैनिक, हे ठरवताना नावाला महत्त्व येते. सेवेतून काढलेल्या नाविकांना स्वतंत्र भारताच्या वा पाकिस्तानच्या नौदलात परत घेण्यात आले नाही.

स्मृती

बलाईचंद्र दत्त यांनी पुढे मुंबईत पत्रकारिता केली. उठावाच्या त्यांच्या आठवणी १९७१ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. नाटककार उत्पल दत्त यांचे ‘कल्लोल’ हे १९६५ मधील बंगाली नाटक याच घटनेवर आधारित आहे. मुंबईत कुलाबा येथे नौदल उठावाचे स्मारक उभारण्यात आले असून भारतीय नौदलाने आपल्या दोन टग बोटींना मदनसिंग व बी. सी. दत्त यांची नावे दिली आहेत.